पट्टकादंबाचा अधिवास आणि स्थलांतर

पट्टकादंब (शास्त्रीय नाव: आन्सेर इंडिकस) हा मध्य आशियाच्या उंच पठारांवर वीण करणारा आणि हिवाळ्यात भारतीय उपखंडात व दक्षिण तिबेटमध्ये येणारा रानहंस आहे. बदकांच्या ॲनाटिडी कुळात त्याचा समावेश होतो. हिमालय ओलांडून स्थलांतर करणारा पक्षी म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. मात्र त्याच्या वर्षभराच्या हालचाली केवळ पर्वतांवर अवलंबून नसतात. विश्रांतीसाठी सुरक्षित उथळ पाणी आणि त्याच्या जवळच चरण्यासाठी गवत किंवा धान्य, या दोन गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र मिळतात तेथेच हा पक्षी थांबतो. त्याचे वीणक्षेत्र, प्रवासातील थांबे आणि हिवाळी मुक्काम ही अशाच ठिकाणांची साखळी आहे.

महाराष्ट्रात उजनी, जायकवाडी व नांदूर मध्यमेश्वर यांसारख्या जलाशयांवर आणि विदर्भातील काही तलावांवर हा पक्षी हिवाळ्यात आढळतो.

नाव आणि ओळख

इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लॅथम यांनी १७९० साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘इंडिकस’ म्हणजे भारतातील. प्रत्यक्षात या पक्ष्याचे बहुतेक वीणक्षेत्र भारताबाहेर आहे, परंतु त्याचे पहिले वर्णन भारतातील पक्ष्यांवरून झाल्याने हे नाव रूढ झाले.

मराठीत त्याला पट्टकादंब, पट्टकदंब किंवा पट्टकदंब हंस म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस असणाऱ्या दोन आडव्या काळ्या पट्ट्यांवरून हे नाव आले आहे. ‘कादंब’ हे हंसाच्या एका प्रकाराचे जुने संस्कृत नाव आहे. बोलीभाषेत त्याला ‘राजहंस’ही म्हटले जाते; परंतु हाच शब्द पाळीव हंसासाठी आणि लांब मानेच्या पांढऱ्या परदेशी हंसासाठीही वापरला जात असल्याने नोंदी करताना गोंधळ होतो.

या पक्ष्याची लांबी सुमारे ७१ ते ७६ सेंमी आणि वजन साधारणपणे २ ते ३ किलोग्रॅम असते. शरीर फिकट राखाडी, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरी उभी रेघ, चोच व पाय पिवळे-नारिंगी असतात. नर व मादी दिसायला सारखेच असतात. पहिल्या हिवाळ्यातील पिल्लांच्या डोक्यावर काळे पट्टे नसतात. त्याऐवजी डोक्याचा मागचा भाग गडद असतो. त्यामुळे थव्यातील पट्टे नसलेले पक्षी मोजून त्या वर्षीची वीण कितपत यशस्वी झाली याचा अंदाज बांधता येतो. भारतात हिवाळ्यात येणारा दुसरा प्रमुख रानहंस म्हणजे कलहंस. तो आकाराने मोठा असतो, त्याची चोच गुलाबी असते आणि डोक्यावर पट्टे नसतात.

उन्हाळी अधिवास

पट्टकादंबाची वीण मंगोलिया, चीनमधील छिंगहाय-तिबेट पठार, किरगिझस्तान आणि भारतातील लडाख या प्रदेशांत होते. छिंगहाय सरोवर सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे, तर लडाखमधील त्सो मोरिरी सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. त्सो मोरिरी, त्सो कर आणि आसपासची लहान सरोवरे ही या पक्ष्याची भारतातील महत्त्वाची वीणस्थाने आहेत.

या प्रदेशांत झाडे जवळजवळ नसतात आणि हंस जमिनीवर घरटे करतात. त्यामुळे कोल्हे, लांडगे व कुत्रे यांच्यापासून अंड्यांचे रक्षण करणे ही मोठी अडचण असते. सरोवरातील बेटे व पाण्याने वेढलेली दलदल हे त्यावरील उत्तर होय. अशा बेटांवर पट्टकादंब वसाहतीने घरटी करतात. काही ठिकाणी ते कड्यांवरही घरटी करतात. जमिनीतील उथळ खड्ड्यात गवत व स्वतःची मऊ पिसे अंथरून मादी साधारणपणे ४ ते ६ अंडी घालते. दाट वसाहतींत एका मादीच्या घरट्यात दुसरीने अंडी घातल्याचेही दिसते. उबवण्याचा काळ सुमारे चार आठवड्यांचा असतो. या काळात नर घरट्याजवळ राहून राखण करतो.

सरोवराची पातळी घटून बेट किनाऱ्याला जोडले गेल्यास शिकारी प्राण्यांना वाट मिळते. पातळी अचानक वाढल्यास सखल भागातील घरटी बुडतात. म्हणून पाण्याच्या पातळीतील लहान बदलही वीणीवर मोठा परिणाम करतो.

अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले लवकरच चालू व पोहू लागतात. पालक त्यांना सरोवराच्या काठावरील आखूड गवत व लव्हाळ्यांच्या कुरणांवर नेतात. या काळात कुटुंब पाण्यापासून फार दूर जात नाही, कारण धोका दिसताच पाण्यात शिरणे हाच बचावाचा मार्ग असतो. पिल्ले सुमारे दोन महिन्यांत उडू लागतात.

पिसे झडण्याचा काळ

इतर हंसांप्रमाणे पट्टकादंबाचीही उड्डाणपिसे उन्हाळ्यात एकाच वेळी झडतात. नवी पिसे येईपर्यंत सुमारे महिनाभर प्रौढ पक्ष्यांना उडता येत नाही. या असुरक्षित काळात त्यांना दोन गोष्टी लागतात: भोवती मोकळे पाणी आणि चालत जाण्याच्या अंतरावर पुरेसे गवत. पिलांसह असणारे पक्षी वीणक्षेत्राजवळच पिसे टाकतात. ज्यांची वीण झाली नाही किंवा फसली, असे पक्षी इतर सरोवरांवर मोठ्या संख्येने एकत्र जमतात. अभ्यासक अनेकदा याच काळात पक्षी पकडून त्यांच्या गळ्यात क्रमांकाचे पट्टे घालतात.

हिवाळी अधिवास

हिवाळी मुक्कामाचे दोन मोठे प्रदेश आहेत. पहिला दक्षिण तिबेटमधील ल्हासा खोरे आणि यारलुंग त्सांगपो (ब्रह्मपुत्रा) नदीचे खोरे. दुसरा भारतीय उपखंड. काही पक्षी म्यानमारमध्येही जातात.

तिबेटमधील नदीखोरी समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर असूनही तेथे हजारो पक्षी हिवाळा काढतात. बार्लीच्या कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे आणि हिवाळी गव्हाची कोवळी पाती हे तेथील मुख्य अन्न असते. न गोठणारे नदीचे प्रवाह व वाळूची बेटे रात्रीच्या विश्रांतीस उपयोगी पडतात.

भारतात हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर हा पक्षी फार मोठ्या संख्येने उतरतो. याशिवाय राजस्थानातील केवलादेव, ओडिशातील चिलिका, कर्नाटकातील मागडी तलाव आणि तमिळनाडूतील कुंथनकुलम ही त्याची परिचित ठिकाणे आहेत. यांपैकी पोंग आणि महाराष्ट्रातील बहुतेक ठिकाणे ही मानवनिर्मित धरणे आहेत.

दैनंदिन हालचाली

हिवाळ्यातील दिनक्रम पाणी आणि शेत या दोन टोकांमध्ये फिरतो. दिवसाचा बराच वेळ थवे जलाशयातील उघड्या वाळूवर, चिखलाच्या पट्ट्यावर किंवा उथळ पाण्यात विश्रांती घेतात. ही जागा चहूबाजूंनी मोकळी असावी लागते. उंच गवत, झुडपे किंवा दाट पाणवनस्पती असलेला काठ ते टाळतात. सूर्यास्ताच्या सुमारास थवे आवाज करीत चराईकडे निघतात आणि पहाटे परततात. माणसांचा वावर जास्त असलेल्या भागांत रात्री चरण्याची सवय ठळक असते. जेथे त्रास कमी असतो तेथे ते दिवसाही काठावरच्या हिरवळीवर चरताना दिसतात.

चराईत हरळीसारखे आखूड गवत, पाणवनस्पतींचे कंद, गहू व हरभऱ्याची कोवळी पाने, भाताच्या कापणीनंतर उरलेले दाणे यांचा समावेश असतो. आखूड व कोवळ्या गवतात प्रथिनांचे प्रमाण जास्त असते आणि ते पचायलाही सोपे असते. हंसांच्या पचनसंस्थेत गायी-म्हशींप्रमाणे तंतुमय चारा दीर्घकाळ पचवण्याची सोय नाही. म्हणून त्यांना थोडे पण कसदार अन्न सतत खावे लागते, आणि गुरांनी चरून आखूड ठेवलेली काठावरची कुरणे त्यांना पसंत पडतात. उंच वाढलेले, जून गवत त्यांच्या उपयोगाचे नसते.

महाराष्ट्रातील अधिवास

महाराष्ट्रात पट्टकादंब साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीला लागतात. गोदावरीवरील जायकवाडी धरण १९७६ साली आणि भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. या दोन्ही धरणांचे पाणलोट विस्तीर्ण आणि काठ उथळ असल्याने पाणी थोडे उतरले तरी मोठे क्षेत्र उघडे पडते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून बेटे व दलदल तयार झाली आहे. हे ठिकाण रामसर यादीत समाविष्ट झालेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय.

पावसाळ्यानंतर धरणे तुडुंब भरलेली असताना हंसांना उतरण्याजोगी उघडी जमीन कमी असते. सिंचनासाठी पाणी सोडले जाऊ लागते तशी पातळी खाली येते, ओल्या गाळावर गवत फुटते आणि वाळूचे पट्टे वर येतात. याच उघड्या जमिनीवर शेतकरी गहू, हरभरा यांसारखी पिके घेतात. या जमिनीला गाळपेर जमीन म्हणतात. अशा प्रकारे विश्रांतीची जागा आणि अन्न ही दोन्ही एकाच पट्ट्यात येतात. त्याच वेळी हंस, शेतकरी, मासेमार आणि गुराखी यांचा वावरही त्याच पट्ट्यात होतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी जलाशय लवकर आटतो, तर भरपूर पाऊस झालेल्या वर्षी काठ उशिरा उघडा पडतो. त्यामुळे एकाच जलाशयावरील पक्ष्यांची संख्या दरवर्षी सारखी नसते. एका ठिकाणी संख्या घटली म्हणजे एकूण पक्षी घटले असा निष्कर्ष म्हणूनच लगेच काढता येत नाही. ते जवळच्या दुसऱ्या तलावावर गेलेले असू शकतात.

स्थलांतराचे मार्ग

पट्टकादंबाचे स्थलांतर मध्य आशियाई उड्डाणमार्गावर होते. पायात कडी, गळ्यात क्रमांकाचे पट्टे आणि २१व्या शतकात प्रामुख्याने उपग्रह प्रेषक यांच्या साहाय्याने या मार्गांचा अभ्यास झाला आहे. भारतात पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा वाटा आहे.

सर्व पट्टकादंब एकाच मार्गाने जात नाहीत, ही या अभ्यासांतून पुढे आलेली महत्त्वाची बाब आहे. छिंगहाय सरोवरावर वीण करणारे बरेच पक्षी ल्हासा परिसरातच हिवाळा काढतात आणि हिमालय ओलांडत नाहीत. मंगोलियात, म्हणजे आणखी उत्तरेला वीण करणारे अनेक पक्षी मात्र तिबेट पार करून भारतात येतात. मंगोलियात गळपट्टा घातलेले पक्षी कर्नाटकातील तलावांवर दिसले आहेत. या दोन ठिकाणांमधील सरळ अंतरच चार हजार किलोमीटरहून अधिक आहे. अधिक उत्तरेकडील पक्ष्यांनी मधल्या पक्ष्यांना ओलांडून अधिक दक्षिणेस जाणे हा प्रकार इतर काही स्थलांतरित पक्ष्यांमध्येही आढळतो.

हा प्रवास सलग नसतो. पक्षी तिबेटच्या पठारावरील सरोवरे व दलदलींवर कधी काही दिवस, कधी कित्येक आठवडे थांबतात आणि चरबी साठवतात. पीत नदीच्या उगमाजवळील झालिंग व एलिंग सरोवरांचा परिसर हा असा एक महत्त्वाचा थांबा आहे. वसंतात उत्तरेकडे जाताना बर्फ वितळून नवे गवत फुटण्याचा काळ साधावा लागतो. फार लवकर पोहोचल्यास सरोवरे गोठलेली असतात आणि फार उशिरा पोहोचल्यास पिल्ले वाढण्यास पुरेसा उन्हाळा उरत नाही.

हिमालयावरील उड्डाण

पट्टकादंब एव्हरेस्टच्या शिखरावरून उडतो, असे लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. गिर्यारोहकांच्या कथनांवरून आणि अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वान यांच्या लेखनातून ही कल्पना पसरली. स्वान यांनी हिमालयातील एका थंड रात्री डोक्यावरून जाणाऱ्या हंसांचे आवाज ऐकल्याचे लिहिले होते. उपग्रह प्रेषकांच्या नोंदींतून मात्र वेगळे चित्र दिसते.

ल्युसी हॉक्स व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, भारतातून उत्तरेस जाणारे पक्षी हिमालयाची चढण साधारणपणे ७ ते ८ तासांत पार करतात. दुपारी दरीतून वर वाहणाऱ्या वाऱ्याचा फायदा घेण्याऐवजी ते रात्री व पहाटे, वारा शांत असताना उडतात. थंड हवा अधिक दाट असते. त्यामुळे पंखांना आधार आणि फुप्फुसांना प्राणवायू अधिक मिळतो. शांत हवेत उड्डाणावर नियंत्रणही ठेवता येते.

याच गटाच्या २०१३ सालच्या अभ्यासात आढळलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर होती आणि बहुसंख्य नोंदी ६,००० मीटरच्या खालच्या होत्या. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे. पक्षी शिखरांवरून न जाता दऱ्या व खिंडी यांतून वाट काढतात.

चार्ल्स बिशप व सहकाऱ्यांनी मंगोलियातील हंसांच्या शरीरात हृदयाचे ठोके व शरीराची हालचाल नोंदणारी उपकरणे बसवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकदा कमावलेली उंची कायम राखण्याऐवजी हे पक्षी जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत जातात, असे त्यात दिसून आले. उंचावरील विरळ हवेत पंख अधिक वेगाने मारावे लागतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा झपाट्याने वाढते. त्यामुळे दरीत खाली उतरून पुन्हा चढणे हे सतत उंचावर राहण्यापेक्षा कमी खर्चाचे ठरते.

शारीरिक अनुकूलन

सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. अशा हवेत जोरकस पंख मारण्यासाठी पट्टकादंबाच्या शरीरात काही वैशिष्ट्ये आढळतात:

• त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन सखल प्रदेशातील हंसांच्या तुलनेत प्राणवायूला अधिक घट्ट धरते. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीतील एका अमिनो आम्लाचा बदल यास मुख्यतः कारणीभूत आहे.

• प्राणवायू कमी पडू लागल्यास तो अधिक खोल श्वास घेतो आणि त्याची फुप्फुसे तुलनेने मोठी असतात.

• उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे अधिक दाट असते, तसेच पेशींतील तंतुकणिका केशवाहिन्यांच्या जवळ असतात. त्यामुळे रक्तातून स्नायूंकडे प्राणवायू लवकर पोहोचतो.

• शरीराच्या मानाने त्याचे पंख थोडे मोठे असतात.

जेसिका मेअर व सहकाऱ्यांनी माणसाळवलेल्या हंसांना वायुबोगद्यात उडवून केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्राणवायू कमी असलेल्या हवेत उडताना हे पक्षी चयापचय कमी करतात, असे त्यात आढळले. मेअर याच वर्षी अंतराळवीर म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेल्या.

सांस्कृतिक संदर्भ

संस्कृत साहित्यात हंस पावसाळ्याच्या सुरुवातीला मानस सरोवराकडे जातात, अशी कल्पना रूढ आहे. डच प्राच्यविद्यापंडित झां फिलिप फोगल यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, भारतीय साहित्य व कलेतील ‘हंस’ हा बहुतेक ठिकाणी रानहंसच असल्याचे मत मांडले. पट्टकादंब मानस सरोवराच्या परिसरात उन्हाळ्यात आढळतो आणि हिवाळ्यात भारताच्या मैदानात येतो, त्यामुळे या कविसंकेतामागे प्रत्यक्ष निरीक्षण असावे असे मानले जाते. मात्र भारतातील पट्टकादंब पावसाळ्यापूर्वीच, वसंतात उत्तरेकडे निघून गेलेले असतात. म्हणजे कविसंकेत आणि पक्ष्याचे वेळापत्रक तंतोतंत जुळत नाही.

धोके आणि संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पट्टकादंब ‘कमी चिंताजनक’ वर्गात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याच्या शिकारीस बंदी आहे. तरीही काही धोके कायम आहेत.

रोग: थव्याने राहण्याच्या सवयीमुळे संसर्ग वेगाने पसरू शकतो. २००५ साली छिंगहाय सरोवरावर एच५एन१ प्रकारच्या बर्ड फ्लूच्या साथीत हजारो पाणपक्षी मृत्युमुखी पडले आणि त्यांत पट्टकादंबांचे प्रमाण सर्वाधिक होते. एकाच सरोवरावर मोठी संख्या एकवटल्यास एका साथीने जातीच्या एकूण संख्येवर परिणाम होऊ शकतो, हे या घटनेतून दिसले.

वीणस्थानावरील उपद्रव: लडाखमध्ये पर्यटन आणि लष्करी वा नागरी वस्त्यांभोवती वाढलेली भटकी कुत्री यांपासून अंडी व पिल्लांना धोका पोहोचतो. घरट्यांजवळ माणसे गेल्यास पालक पक्षी उठतात आणि अंडी उघडी पडतात.

पाणथळ जागांतील बदल: काठावरील अतिक्रमण, वाळूउपसा, पाण्यातील सांडपाणी व वाढणारी जलपर्णी यांमुळे मोकळा उथळ काठ नाहीसा होतो. पाण्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले तरी हंसांच्या दृष्टीने अधिवास संपलेला असतो.

शेतीशी संघर्ष: मोठे थवे हरभरा व गव्हाची कोवळी रोपे खातात, त्यामुळे काठावरील शेतकऱ्यांचे नुकसान होते. पिकांवर फवारलेली किंवा बियाण्यास लावलेली विषारी औषधे पक्ष्यांच्या पोटात जाण्याचाही धोका असतो.

एकाच थव्याच्या वर्षभराच्या प्रवासात अनेक देशांतील डझनभर जागा येतात. त्यांपैकी काही अभयारण्ये आहेत, तर काही गावतलाव, नदीपात्रे आणि शेते आहेत. त्सो मोरिरी, त्सो कर, पोंग, चिलिका, केवलादेव, कुंथनकुलम, मागडी आणि नांदूर मध्यमेश्वर ही ठिकाणे रामसर यादीत आहेत. परंतु पक्षी रात्री चरतो ती शेते व कुरणे बहुधा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीबाहेर असतात. त्यामुळे पाणी व चराई यांचा एकत्रित विचार, जलाशयांच्या पातळीचे नियोजन आणि स्थानिक शेतकरी, मासेमार व पशुपालकांचा सहभाग यांवर या पक्ष्याचे संवर्धन अवलंबून आहे.